'इतर'च्या रकान्यातला जिल्हा

निकालाच्या दिवशी टीव्हीवर मोठ्या पक्षांचे रंगीत खांब वरखाली होत असतात आणि सगळ्यात शेवटी करड्या रंगाचा एक बुटका खांब असतो. त्याच्याखाली लिहिलेलं असतं 'इतर'. स्टुडिओतल्या माणसाला त्याचं काही देणंघेणं नसतं. बहुमताला दोन-चार कमी पडले तरच तो तिकडं वळतो. आम्ही कोल्हापूरवाले मात्र आधी तोच खांब बघतो. २०२४च्या विधानसभेला जिल्ह्यातल्या दहा जागांपैकी शाहूवाडी आणि हातकणंगले जनसुराज्य शक्ती पक्षानं जिंकल्या, शिरोळमधून राजेंद्र पाटील-यड्रावकर राजर्षी शाहू विकास आघाडीच्या नावावर आले आणि चंदगडला शिवाजी पाटील अपक्ष. दहात चार. हे चौघेही महायुतीच्याच बाजूचे, हे खरंच. पण मतदानयंत्रावर दाबलं गेलेलं बटण 'इतर'चं होतं, आणि ते दाबणाऱ्यांतले कितीतरी जण माझ्या ओळखीचे आहेत.

माझं काम सहकारी संस्थांच्या ऑडिटचं. सेवा सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था. सचिवानं पुढं ठेवलेल्या किर्दीत मान घालून बसायचं, मधे चहा आला की मान वर करायची. मान वर केली की समोर भिंत असते आणि भिंतीवर फोटो. शाहू महाराज सगळीकडं. त्यांच्या शेजारी कोण, यावरून आपण कुठल्या मुलखात आहोत ते कळतं. करवीर तालुक्याच्या पश्चिमेला एन. डी. पाटील दिसतात. वारणेच्या काठाला तात्यासाहेब कोरे. शिरोळकडं एखाद्या जुन्या ऑफिसात शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचा उन्हानं पिवळा पडलेला फोटो असतो, बिल्ला लावलेला. बाकी बहुतेक ठिकाणी ज्या साखर कारखान्याचं किंवा दूध संघाचं कॅलेंडर, त्याच नेत्याचा फोटो. काँग्रेस, राष्ट्रवादी, भाजप, शिवसेना ही नावं भिंतीवर फार क्वचित. ती निवडणुकीपुरती येतात आणि बरेचदा निवडणुकीनिमित्तानं बदलतात. आमच्याकडं पक्षाआधी गट असतो. मंडलिक गट, मुश्रीफ गट, राजे गट, महाडिक गट, सतेज पाटील गट. माणूस गटाचा असतो, गट सध्या कुठल्या पक्षात आहे ते तालुक्याच्या गावाला जाऊन विचारावं लागतं.

अशा जिल्ह्यात एखादा छोटा पक्ष तग धरतो, आणि तोही सगळीकडं नाही, अमुक पंधरा-वीस गावांच्या टापूतच, तेव्हा त्यामागं काहीतरी ठोस असलं पाहिजे. मला हे कुतूहल व्यवसायानं लागलं की घरानं, सांगता यायचं नाही. कारण आमच्या घरातच तीन टापू आहेत. आजोळ सांगरूळच्या बाजूचं. थोरली बहीण पन्हाळ्याच्या खाली वारणा खोऱ्यात दिलेली. सासुरवाडी शिरोळ तालुक्यातली. मोटरसायकलवरून एका दिवसात तिन्ही घरी चहा घेऊन परत मंगळवार पेठेत येता येतं. तिन्ही घरांत ऊस आहे, म्हशी आहेत, पोरं पुण्याला आहेत. मतं तीन ठिकाणी.

मोठ्या मामांच्या घराला गावात अजून 'शेका पक्षाचं घर' म्हणतात. "आमच्यात पोर जन्मलं की आधी लाल बावटा दाखवत्यात, मग बापाचं तोंड," असं मामा सांगतात, आणि मामी दरवेळी पदराआड हसतात. माझ्या लहानपणी त्यांच्या गोठ्याच्या भिंतीवर गेरूनं काढलेला खटारा होता. पक्षाचं चिन्ह. पावसाळ्यात तो पुसट व्हायचा आणि निवडणूक आली की कुणीतरी पुन्हा गिरवायचं.

शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेका पक्ष किंवा शेकाप, मुळात काँग्रेसच्याच पोटातून निघाला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी स्वातंत्र्याच्या सुमारास काँग्रेसमध्ये शेतकरी-कामगारांचा गट बांधत होती आणि १९४८ला तो बाहेर पडला. १९५०ला दाभाडीच्या अधिवेशनात पक्षानं मार्क्सवाद स्वीकारला. पुढं जेधे-मोरे काँग्रेसमध्ये परतले आणि पक्ष आटला. पण आटताना तो सगळीकडं सारखा आटला नाही. रायगडात अलिबाग-पेणकडं राहिला, सोलापुरात सांगोल्याला राहिला, मराठवाड्यात काही ठिकाणी राहिला आणि आमच्याकडं राहिला. सांगोल्याला गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले. त्यांच्यानंतर मधे एकदा जागा गेली, २०२४ला त्यांच्या नातवानं परत आणली.

कोल्हापूरला या पक्षाला तयार रान मिळालं होतं. शाहू महाराजांच्या काळापासूनची ब्राह्मणेतर चळवळ, सत्यशोधक जलसे, मग संस्थानात प्रजा परिषद. भाई माधवराव बागल या सगळ्यातून आलेले. बिंदू चौकात फुले-आंबेडकरांचे अर्धपुतळे १९५०ला उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकारानं. बाबासाहेब तेव्हा हयात होते. दिल्लीपेक्षा वेगळा विचार करायची, आणि तसा विचार केला तरी समाजात मान राखून राहायची सवय इथं आधीपासून होती. १९५७ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कोल्हापुरातून शेकापचे भाऊसाहेब महागावकर लोकसभेवर गेले. आणीबाणीनंतर १९७७ला दाजीबा देसाई गेले, तेही शेकापचे.

पण लाट ओसरल्यावर जे उरतं ते बघावं. उरला तो कुंभी, तुळशी, भोगावतीच्या खोऱ्यांतला पट्टा. जमिनीचे तुकडे लहान, मोठा सावकार-इनामदार कमी, आणि गावागावात एक तरी माणूस असा की जो पक्षाच्या शिबिराला जाऊन आलेला. मामा त्यातले. सातवी शिकलेला माणूस मला दहावीच्या सुट्टीत मार्क्सचं 'वरकड मूल्य' समजावून सांगत होता, तेही गूळ उकळत असताना, गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढं बसून. मला त्यातलं तेव्हा अक्षर कळलं नाही. एवढं मात्र कळलं की या माणसाला मत देण्याआधी कारण लागतं. १९९९ला सांगरूळ मतदारसंघातून शेकापचे संपतराव पवार-पाटील आमदार झाले, तेव्हा मामा साठीला आले होते आणि गुलालात ओळखू येत नव्हते.

मग मतदारसंघच गेला. २००८च्या पुनर्रचनेत जिल्ह्यातल्या बाराच्या दहा जागा झाल्या. सांगरूळ, पन्हाळा, वडगाव, गडहिंग्लज ही नावं विधानसभेच्या यादीतून पुसली गेली. मोठ्या पक्षाला याचं फारसं काही होत नाही, इकडची गावं तिकडं गेली तरी कार्यकर्ते दोन्हीकडं असतात. छोट्या पक्षाचं तसं नसतं. त्याची सगळी पुंजी एका खोऱ्यात असते. ते खोरं कापून दोघा-तिघांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला येतात ती फक्त निकाल फिरवण्यापुरती मतं. निवडून येण्याचा पक्ष पाडण्याचा पक्ष होतो. आता मामांच्या गावात दर निवडणुकीला मोठ्या उमेदवाराची गाडी येते, शेका पक्षाच्या जुन्या माणसांना मान दिला जातो, चहा होतो, 'तुमची मदत झाली तर पैरा फेडू' म्हणतात. मामा म्हणतात, "पूर्वी आमी त्यास्नी घाबरवत हुतो. आता ते आमचा मान राखत्यात. ह्यातलं वाईट कुठलं, तूच सांग."

शहराची गोष्ट याहून चमत्कारिक. शेकापचे एन. डी. पाटील मूळचे सांगली जिल्ह्यातल्या ढवळीचे. १९७८च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात ते सहकारमंत्री होते, आणि १९८५ला कोल्हापूर शहरानं त्यांना आमदार केलं. हे शहर तालमींचं, पेठांचं. इथं फुटबॉलच्या सामन्यावरून दोन पेठा वर्षभर बोलत नाहीत. त्या शहरानं बाहेरगावच्या एका मार्क्सवादी मास्तरला निवडलं आणि पाच वर्षांनी, १९९०ला, शिवसेनेचा आमदार दिला. तेव्हापासून शेकापला शहरात जागा मिळाली नाही. तरीही २०१० नंतर शहरांतर्गत रस्त्यांसाठी टोल बसला, तेव्हा लोक कुणाच्या मागून गेले? एन. डी. सरांच्या आणि कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरेंच्या. ऐंशी ओलांडलेले सर मोर्चाच्या पुढं, मागं तालमीची पोरं, रिक्षावाले, व्यापारी, नऊवारीतल्या बायका. त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यात कधी लाल बावट्याला मत दिलं नव्हतं आणि पुढंही देणार नव्हते. फेब्रुवारी २०१५मध्ये पानसरेंची हत्या झाली. त्याच वर्षी डिसेंबरात टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. शहरानं गुलाल उधळला, सरांच्या पाया पडलं आणि महापालिकेला आपापल्या गटाला मत द्यायला मोकळं झालं.

मला यात कृतघ्नपणा दिसत नाही. शहरी मतदाराला नगरसेवक लागतो तो गटारीसाठी, दाखल्यासाठी, पोलीस स्टेशनला फोन करण्यासाठी. सरांना असला फोन करायला सांगायची कुणाची छाती नव्हती. छोट्या पक्षाचा मोठा माणूस सगळ्यांचा होतो आणि मग मतदानाच्या दिवशी तो कुणाचाच नसतो, हे मी डोळ्यानं बघितलंय.

शिरोळकडं जाताना हवा बदलते. अंकली-उदगावकडं रस्ता वळला की दोन्ही बाजूंना नजर ठरत नाही एवढा ऊस. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा, सगळं पाणी याच तालुक्यातून जातं. महापुरात हेच पाणी घरात येतं ते वेगळं. माझे सासरे, त्यांना मी मामाच म्हणतो, शेतकरी संघटनेच्या पहिल्या पिढीतले. चाकणच्या कांदा आंदोलनाची बातमी त्यांनी पेपरात वाचली होती आणि मग शरद जोशींच्या सभांना जायला लागले. पुढं जोशींच्या राजकीय भूमिकेवरून फाटाफूट झाली आणि शिरोळच्या राजू शेट्टींनी स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली. सासरे तिकडं गेले. २००४ला शेट्टी शिरोळचे अपक्ष आमदार झाले. २००९ला हातकणंगले लोकसभेत त्यांनी राष्ट्रवादीच्या निवेदिता माने यांना सुमारे पंच्याण्णव हजारांनी हरवलं.

त्या प्रचाराची पद्धत अजून लोक सांगतात. 'एक व्होट, एक नोट'. उमेदवार गावात आला की लोक हार घालायचे आणि सोबत पैसे द्यायचे. नेहमीच्या निवडणुकीत पाकीट ज्या दिशेनं जातं त्याच्या उलट. सासऱ्यांनी पाचशेची नोट दिली होती. सासूबाईंनी पदराच्या गाठीतून वेगळी दिली, आणि ती किती होती हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

शिरोळलाच हे का झालं, याचं एक झटपट उत्तर लोक देतात: जात. शेट्टी जैन, तालुक्यात जैन शेतकरी मोठ्या संख्येनं, झालं. हे उत्तर अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते घातक आहे. जातीनं पहिला पाया दिला असेल. पण लाखाच्या घरातलं मताधिक्य एका जातीवर येत नाही. मराठा, लिंगायत, माळी, धनगर, सगळ्यांचा ऊस कारखान्याच्या त्याच वजनकाट्यावर जातो. माझ्या मते खरी गोष्ट तिथंच आहे, काट्यावर.

ऊस लावला की शेतकरी कारखान्याकडं नोंद करतो. तोड कधी येणार ते शेती खात्याच्या हातात. चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, रानात येतो, टोळी पाठवतो. तोड महिनाभर लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटतं, उन्हाळ्यात रान पेटायची भीती. टोळीला आणि ट्रॅक्टरवाल्याला एंट्री, म्हणजे वरचे पैसे, द्यावी लागते ती वेगळीच. ऊस गेल्यावर बिल जिल्हा बँकेतून सोसायटीत येतं आणि सोसायटी आपलं पीककर्ज कापून घेऊन उरलेलं हातावर ठेवते. वर्षानुवर्षं मी याच नोंदी तपासतोय. शिवाय दिवाळीला सभासदाची सवलतीची साखर, कारखान्याच्या शाळेत पोराचा प्रवेश, कारखान्यात पुतण्याची नोकरी. ज्या गावाला हाताशी एकच कारखाना आहे, त्या गावातला शेतकरी कारखान्याच्या चेअरमनविरुद्ध मत देताना आपला वर्षाचा हिशेब पणाला लावत असतो. कुणी धमकी द्यावी लागत नाही. धमकीची गरज पडत नाही यातच सगळं आलं.

शिरोळचं वेगळेपण असं की तिथं एका कारखान्यानं नोंद नाकारली तर दुसरा आहे. शिरोळचा दत्त, टाकळीवाडीचा गुरुदत्त, इकडं पंचगंगा, हुपरीचा जवाहर, पलीकडं सांगलीचे, आणि सीमेपलीकडं कर्नाटकातले कारखाने, ज्यांना आमच्या उसाचा उतारा, म्हणजे त्यातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, माहीत आहे. कोल्हापूरचा उतारा राज्यात अव्वल. त्यामुळं शिरोळच्या शेतकऱ्याला भांडण परवडतं. भांडण परवडलं की संघटना उभी राहते, आणि संघटनेला मग पक्ष व्हावंसं वाटतं. स्वाभिमान वगैरे शब्द नंतर आले असं मी म्हणत नाही. पण स्वाभिमानाला पाठीशी दोन-तीन काटे असले की त्याचा आवाज चढतो.

यातही गंमत बघा. २००९च्या मे महिन्यात ज्या शिरोळनं शेट्टींना डोक्यावर घेतलं, त्याच शिरोळनं ऑक्टोबरात विधानसभेला काँग्रेसचे सा. रे. पाटील निवडून दिले, म्हणजे दत्त कारखान्याचे चेअरमन. दरासाठी भांडणारा दिल्लीला, दर देणारा मुंबईला. सासऱ्यांना मी विचारलं तर म्हणाले, "तिथं भांडाय पायजे, हितं काम कराय पायजे. दोन्ही एकाच माणसाला जमत न्हाई, पाव्हणं." एवढी बारीक वाटणी कुठल्या पक्षाच्या जाहीरनाम्यात बसत नाही.

मतपत्रिकांच्या काळात हे सगळं अंदाजानंच बोलावं लागे. वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजत, त्यामुळं कुठल्या गावानं काय केलं ते झाकून राही. यंत्रं आली आणि फॉर्म २० नावाचा कागद सगळ्यांच्या हातात पडला. केंद्रनिहाय आकडे. आता निकालानंतरच्या आठवड्यात मोबाइलवर गावोगावचे आकडे फिरतात आणि कुठल्या वॉर्डानं दगा दिला यावर पारावर खल चालतो. मी तो कागद ऑडिटरच्या नजरेनं वाचतो. लहान पक्षाच्या रकान्यात आकडे असे उड्या मारतात की छपाईची चूक वाटावी. मधे एक ओढा, अलीकडच्या गावात भरघोस, पलीकडच्या गावात नावाला. चौकशी केली की कळतं, पलीकडं कारखान्याचा संचालक राहतो. किंवा अलीकडं आंदोलनात केस झालेली पोरं आहेत. गुन्हे अंगावर घेतलेली दहा पोरं एका गावात असली की पुढच्या दोन निवडणुका त्या गावाचं मत हलत नाही. त्यांच्या तारखा असतात ना, कोर्टाच्या. आठवण ताजी राहते.

मोठ्या पक्षांशी हात मिळवला की छोट्या पक्षाचं काय होतं, तेही शिरोळनंच दाखवलं. २०१४ला शेट्टी महायुतीबरोबर होते आणि पावणेदोन लाखांहून जास्त मतांनी जिंकले. २०१९ला ते काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीत गेले, म्हणजे ज्या कारखानदारांविरुद्ध हयात घालवली त्यांच्याच मांडवात, आणि शिवसेनेच्या धैर्यशील मानेंकडून सुमारे शहाण्णव हजारांनी हरले. धैर्यशील हे निवेदिता मानेंचेच चिरंजीव. दहा वर्षांत फरक जवळपास तेवढाच, फक्त दिशा उलटी. सासऱ्यांनी तेव्हाही मत दिलं, पण नोट दिली नाही. २०२४ला शेट्टी एकटे लढले. माने तेरा हजारांच्या फरकानं आले, शेट्टी तिसरे. पण मतं पावणेदोन लाखांच्या वर. निकाल फिरवायला पुरेशी, निवडून यायला अपुरी. मोठ्या मामांच्या शेका पक्षाचीच वाट, पट्टा तेवढा पूर्वेकडचा.

इचलकरंजी आणि गडहिंग्लजचं थोडक्यात सांगतो. इचलकरंजीत यंत्रमागाच्या खडखडाटात लाल बावटा वाढला आणि मार्क्सवादी पक्षाचे के. एल. मलाबादे तिथून आमदार झाले होते. गडहिंग्लजची मात्र मला खरोखर मौज वाटते. राज्यात जनता दल शोधायला दुर्बीण लागते, आणि या एका शहरात तो पक्ष नगरपालिकेत टिकून राहिला. २०१६ला थेट निवडणुकीत जनता दलाच्या स्वाती कोरी नगराध्यक्ष झाल्या. त्यांचे वडील श्रीपतराव शिंदे तिथले जुने आमदार. इथं कुठली लाट नव्हती. वकिली पेशातला एक साधा माणूस आयुष्यभर त्याच शहरात, त्याच पक्षात राहिला. गावानं त्याला पाहिलं, नंतर त्याच्या लेकीला पाहिलं. बाकी जनता दलाच्या देवेगौडांशी गडहिंग्लजकरांना काय करायचंय!

आता दाजींचं गाव. वारणा खोरं म्हणजे तात्यासाहेब कोऱ्यांनी माळरानावर उभं केलेलं एक राज्यच. कारखाना, दूध संघ, वारणा बझार, शाळा-कॉलेजं, बालवाद्यवृंद. त्यांचे नातू विनय कोरे यांनी जनसुराज्य काढला आणि २००४ला पहिल्याच झटक्यात चार आमदार आणले. २०१४ला शाहूवाडीत ते ३८८ मतांनी पडले. तीनशे अठ्ठ्याऐंशी! एका मोठ्या भावकीच्या जेवणावळीत एवढी ताटं उठतात. २०१९ला परत आले, २०२४ला पुन्हा आले.

पुरोगामी मित्र या पक्षाला 'संस्थानिकांचा पक्ष' म्हणतात. मला ते आळशी वाटतं. माझी बहीण लग्न होऊन तिथं गेली तेव्हा तिच्या सासूनं दुधाचं बिल स्वतःच्या हातात घेतलेलं होतं, दर दहा दिवसांनी, नवऱ्याला न विचारता. त्या बिलावर बहिणीच्या दोन मुली शिकल्या. अशा घरात पक्ष म्हणजे विचारसरणी कशी असेल? तो पत्ता असतो. कुठं राहता, कुणाच्या पाण्यावर, कुणाच्या संस्थेत. वारणेत विरोधक नाहीत असं नव्हे. आहेत, आणि चांगले कडवे आहेत. पण ते जास्त करून शाहूवाडीच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या वाड्यावस्त्यांत, जिथं ऊस कमी आणि मुंबईला गेलेली माणसं जास्त. मुंबईच्या मनीऑर्डरवर चाललेल्या घराला वारणेच्या खाली-वर होण्याशी कमी देणंघेणं. तिथं शिवसेना रुजली, ती आपोआप नाही.

तर तीन घरं, तीन पक्ष. पण या तिघांत जो हिशेब जुळत नाही तो वेगळाच आहे, आणि त्यावर घरात दर दिवाळीला वाद होतो. ऊस परिषद जयसिंगपूरला होते. पहिली उचल, म्हणजे उसाच्या बिलाचा पहिला हप्ता, किती, हा आकडा तिथं पुकारला जातो. ऊस अडवायचा शिरोळ-हातकणंगल्यानं, महामार्गावर बसायचं त्यांनी, लाठ्या-केसेस त्यांच्या. दर मात्र एकदा फुटला की सगळ्या जिल्ह्याला मिळतो. नोव्हेंबर २०२३मध्ये शिरोलीच्या पुलाजवळ महामार्ग अडवला गेला आणि मागच्या हंगामाचे जादा पैसे द्यायचं ठरलं, ते काय फक्त संघटनेच्या सभासदाला? राज्य सरकारनं २०२२ला एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली होती. त्याविरुद्ध शेट्टी हायकोर्टात गेले आणि मार्च २०२५ला तो निर्णय रद्द झाला. एकरकमी एफआरपी भोगावतीच्या शेतकऱ्याची झाली, वारणेच्याही झाली, ज्यानं उभ्या जन्मात संघटनेला मत दिलं नाही त्याचीही झाली. पक्षाची मतं एका तालुक्यात, पक्षाची कमाई बारा तालुक्यांत. मग बाकीच्यांनी मत तिकडं का द्यावं? मिळायचं ते मिळतंच आहे. मोठ्या मामांना हे चीड आणतं. ते याला वर्गीय जाणिवेचा अभाव म्हणतात. सासरे खांदे उडवतात. दाजी तर उघडच बोलतात: "त्यांनी दर काढावा, आमच्या सायबांनी द्यावा. मत देणाऱ्यालाच द्याचं की."

गेल्या दिवाळीत फराळाला सगळे आमच्याकडं मंगळवार पेठेत होते. चकली मोडत दाजींनी हळूच विचारलं, "यंदा परिषदेत किती मागितलं रं?" मी आकडा सांगितला. त्यांनी मनात गुणाकार केला, ओठ हलताना दिसले. मग म्हणाले, पुढच्या वर्षी एकदा बघायलाच जायचं, एवढी माणसं जमतात म्हणे. सासरे खूश झाले, पुढच्या रांगेत बसवतो म्हणाले. मी म्हटलं, दाजी, तुमची नवी गाडी काढूया मग, ऐसपैस आहे.

"माझी नको," दाजी म्हणाले. "तुझी काढ. माझ्या मागच्या काचंवर सायबांचा फोटो हाय."